ऑर्केस्ट्रा नसलेला कॉन्चेर्तो

नमस्कार. आज बाख या जर्मन संगीतकाराच्या इटालियन कॉन्चेर्तोवर बोलायचंय. कॉन्चेर्तो म्हणजे एरवी एक मुख्य वादक आणि सोबत ऑर्केस्ट्रा अशी रचना. एकटा वादक अख्ख्या ऑर्केस्ट्राचं काम कसं करतो ते सांगायचं मी कबूल केलंय, पण आधी एक तक्रार ऐका, बरीच वर्षं मनात साठलीय.

पियानो शिकत होतो तेव्हा याची एक जुनी प्रत हातात आली. पहिल्याच पानावर क्रेशेंडो (आवाज वाढवत न्या), डिमिन्युएंडो (कमी करत न्या), लेगाटोच्या (सूर जोडून वाजवा) लांबलचक कमानी. मी सहा महिने मन लावून तसंच बसवलं, हळूहळू चढायचं, हळूहळू उतरायचं. मग कधीतरी बाखच्या हयातीतल्या मूळ छपाईचं पान बघायला मिळालं. चढउताराच्या त्या सगळ्या खुणांचा तिथे पत्ताच नाही! जोर सांगायला फक्त दोन शब्द, फोर्ते म्हणजे जोरात आणि पियानो म्हणजे हळू (वाद्य नव्हे), तेही कुठे कुठे उजव्या हाताला एक आणि डाव्याला दुसरा. म्हणजे सहा महिने मी कुणा संपादकाची हौस वाजवत होतो. अजून राग येतो, कारण ते दोन शब्द हाच तर कॉन्चेर्तो आहे.

ही रचना हार्पसिकॉर्डची, म्हणजे पियानोच्या आधीच्या कीबोर्ड-वाद्याची, तेही एकावर एक दोन कीबोर्ड असलेल्या. त्यात तार छेडली जाते, त्यामुळे बोट जोरात मारा नाहीतर हळू, आवाज जवळपास तेवढाच. पेटी वाजवणाऱ्यांना हे लगेच पटेल, नुसत्या बोटाने आवाज वाढतो का? तिथे निदान भाता तरी असतो, इथे हात उचलून दुसऱ्या कीबोर्डवर न्यायचा. म्हणजे फोर्ते हा एक कीबोर्ड, पियानो हा दुसरा.

बाख इटलीला कधी गेलाच नाही बरं का. 1713 च्या सुमारास तो जर्मनीतल्या वायमारच्या दरबारात नोकरीला होता. तिथला तरुण राजपुत्र योहान अर्न्स्ट नेदरलँड्समधून शिकून परतला आणि त्याच काळात बाखने विवाल्डी या इटालियन संगीतकाराचे कॉन्चेर्तो एकट्या हार्पसिकॉर्डसाठी, ऑर्गनसाठी उतरवून काढले. तो राजपुत्र बिचारा अठराव्या वर्षी गेला. पण बाखच्या हातात इटालियन चाल बसली ती बसलीच, आणि 1735 मध्ये स्वतःचा हा कॉन्चेर्तो छापला. शायबे नावाच्या समीक्षकाने 1737 मध्ये बाखवर सडकून टीका केली होती, त्यानेच दोन वर्षांनी याचं भरभरून कौतुक केलं!

पाचच मिनिटं उरलीत म्हणतायत, तर भराभर सांगतो. पहिला भाग एफ मेजर या पट्टीत, सुरुवातीचे भरगच्च स्वर म्हणजे सगळा ऑर्केस्ट्रा, तोच मजकूर मधे मधे वेगळ्या सुरात परत येतो आणि शेवटी पूर्ण. सोलो, म्हणजे मुख्य वादकाची एकट्याची जागा, आला की उजवा हात फोर्तेवर राहतो, डावा पियानोवर सरकतो, म्हणजे साथीदार मागे सरले. दुसरा भाग डी मायनर पट्टीत, डाव्या हाताची एकच चाल शेवटपर्यंत आणि वर व्हायोलिनसारखं गाणं. इटालियन वादकाने ज्या हरकती ऐनवेळी घेतल्या असत्या त्या बाखने एकेक लिहून ठेवल्यात, मला हा भाग सगळ्यात प्रिय. तिसरा प्रेस्तो, म्हणजे खूप जलद, तिथे दोन हात आपापसात जागा बदलत पळतात.

आता रेकॉर्डिंग लावतो. पहिला सोलो सुरू होताना डावा हात मागे सरेल, तेवढी जागा पकडा.