एसीचं पाणी आणि वाळवंटातली बाग

नमस्कार मंडळी! हा एसीचा पाइप बघा. टप, टप, टप. हे पाणी आपण सरळ गटारात सोडतो. आज तुम्हाला अशी बाग सांगते, जिच्या टाकीत हेच थेंब जमा होतात.

ही बाग अमेरिकेतल्या टूसानला, अ‍ॅरिझोना विद्यापीठात आहे. आर्किटेक्चर कॉलेजच्या इमारतीला लागून पूर्वी पार्किंग होतं, तापलेलं डांबर नुसतं. तिथे साधारण सव्वा एकरात बागांची रचना करणाऱ्या क्रिस्टी टेन आइक यांच्या संस्थेने तिथल्याच सोनोरन वाळवंटाचा एक तुकडा उभा केला. टूसानला वर्षाचा पाऊस जेमतेम 300 मिलिमीटर, आपल्या माण तालुक्यापेक्षाही कमी. शहराचं बरंचसं पाणी कोलोरॅडो नदीचं. 540 किलोमीटर लांबीच्या कालव्यातून, पंपांनी वर चढवत आणलेलं. ते लॉनवर ओतणं मला तरी पाप वाटतं.

मग बागेला पाणी कुठून? इमारतीतूनच! छतावरचा पाऊस, विहिरीचा पंप सुरू करताना फेकून दिलं जाणारं पाणी, आणि एसीचं पाणी. सगळं जातं 44 हजार लिटरच्या टाकीत. म्हणजे मोठे चार टँकर.

एसीचं पाणी येतं कसं? फ्रिजमधली बाटली बाहेर काढली की तिला घाम फुटतो ना, तसंच. दमट हवा थंड नळ्यांना लागते आणि तिच्यातली वाफ पाणी होऊन ठिबकते. टूसानलाही जुलैत पाऊस येतो, तेही त्याला मान्सूनच म्हणतात. तेव्हा हवा दमट आणि एसी जोरात, म्हणजे ऐन उन्हाळ्यात टाकीत भर! शिवाय या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे झाडांना ते मानवतं. पिऊ मात्र नका हं, नळ्यांमधला धातू आणि जंतू त्यात उतरू शकतात.

झाडंही तिथलीच. त्यात मेस्किट आहे, म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीची चुलत बहीण. आपल्याकडे ती माळरानं गिळत सुटली, पण तिकडे ती घरची आहे, तिच्या सावलीत मुलं डबा खातात. छोट्याशा तळ्यात वाळवंटातल्या दुर्मीळ माशांनाही जागा दिली आहे.

तुमच्या कॉलेजात, ऑफिसात एसीचा पाइप कुठे सुटतो ते उद्या शोधा. खाली बादली ठेवा, घड्याळ लावा, आणि भरायला किती वेळ लागला ते मला कळवा.