कौन्सिलची नोटीस आली, डॉक्टर, खुलासा एकट्याने लिहू नका

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय डॉक्टरांशी, पण त्यांच्या घरच्यांनीही ऐका, कारण डॉक्टरांची नोंदणी आणि वागणूक बघणाऱ्या मेडिकल कौन्सिलचं पत्र आलं की झोप अख्ख्या घराची उडते.

होतं काय, पेशंटच्या नातेवाईकांनी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केलेली असते आणि डॉक्टर त्याच रात्री चिडून नाहीतर घाबरून चार पानी खुलासा लिहून पाठवतात, का तर माझी चूकच नाही मग वकील कशाला, वकील घेतला तर उलट दोषी वाटेन. अहो, हे मनातून काढाच. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेच्या नियमांतच आहे की डॉक्टरला स्वतः किंवा वकिलामार्फत बाजू मांडू द्यायची. तो तुमचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही.

आणि जपायचं ते पहिल्या खुलाशाला. नुकसानभरपाईचं काम ग्राहक आयोगाचं, पोलिसांतली तक्रार आणखी वेगळी, पण कागद इकडून तिकडे फिरतात. 'गर्दीत रिपोर्ट बघायचा राहिला' असं घाईत लिहिलेलं एक वाक्य उद्या दुसऱ्या केसमध्ये समोरचा वकील मोठ्याने वाचून दाखवतो. जेकब मॅथ्यू केसमध्ये २००५ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की निर्णय चुकला किंवा अपघात झाला म्हणजे लगेच निष्काळजीपणा ठरत नाही, पण ते तुमच्या केसपेपरवरून दाखवावं लागतं, म्हणून वकील असा बघा जो केसपेपर वाचतो आणि तुमच्याच विषयातल्या सिनियर डॉक्टरचं मत मागवतो. इंडेम्निटी पॉलिसी, म्हणजे अशा दाव्यांसाठी डॉक्टरने काढलेला विमा, असेल तर कंपनीला लगेच कळवा.

केसपेपरवर मात्र आता एक अक्षरही वाढवू नका! नियमाप्रमाणे भरती पेशंटचे कागद ३ वर्षं ठेवायचे आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात, त्यामुळे झेरॉक्स कदाचित नातेवाईकांकडे आधीच असते, आणि मागाहून घातलेल्या ओळीने चांगली केस हातची जाते.

सरकारी हॉस्पिटलात खातेनिहाय चौकशी असेल तिथे वकील आपोआप मिळत नाही, पण मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका जुन्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की व्यवस्थापनाने कायदा जाणणारा माणूस उभा केला तर कर्मचाऱ्याला वकील नाकारणं अन्याय आहे. तशी मागणी लेखी करा, तोंडी नको.

तक्रार करणाऱ्या कुटुंबांबद्दल मला आकस नाही हं, त्यांचं माणूस गेलेलं असतं, आणि नियमात ६ महिन्यांत निकाल लावायचं लिहिलंय ते त्यांना मिळायलाच पाहिजे. पण डॉक्टरचं नीट न ऐकता दिलेला निकाल हायकोर्टात टिकत नाही, मग परत पहिल्यापासून सुनावणी, आणि त्यात ती कुटुंबंही भरडली जातात.

निकाल विरोधात गेलाच तर दिल्लीला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे अपील आहे, मुदत ६० दिवसांची. म्हणून ऑर्डर ज्या दिवशी हातात पडेल ती तारीख पाकिटावर लिहा, आणि त्याच आठवड्यात वकिलाला दाखवा.