कोलेस्टेरॉल वाचणारी प्रथिनं

सोळा-सतरा वर्षांची मुलगी तपासणीसाठी येते. पाळी अजून आलेली नाही. उंची चांगली, स्तनांची वाढ व्यवस्थित, तक्रार एवढी एकच. रक्ताचा अहवाल येतो तेव्हा टेस्टोस्टेरॉन पुरुषांइतकं, किंबहुना थोडं जास्तच निघतं. गुणसूत्रं एक्सवाय. गर्भाशय नाही, वृषणं पोटात किंवा जांघेत आहेत.

या अवस्थेला अँड्रोजन असंवेदनशीलता म्हणतात. संप्रेरक भरपूर आहे, पण ते ओळखणारं प्रथिन, अँड्रोजन रिसेप्टर, बिघडलेलं आहे. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि एक्सवाय व्यक्तीकडे त्याची दुसरी प्रत नसते. टेस्टोस्टेरॉनला पेशी दादच देत नाहीत. त्यातल्या काही टेस्टोस्टेरॉनचं अरोमाटेज नावाचं एन्झाइम इस्ट्रोजेन करतं. इस्ट्रोजेनचा रिसेप्टर शाबूत असतो, म्हणून स्तन वाढतात. अहवालातला आकडा पाहून या शरीरात काय चाललंय ते कुणालाही सांगता येणार नाही. माझं आजचं म्हणणं यातच आलं: रक्तात किती आहे हा अर्धा प्रश्न, ते कोण वाचतंय हा उरलेला अर्धा. आणि कोलेस्टेरॉलच्या बाबतीत आपण बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्यावरच थांबतो.

वाचणारी ही प्रथिनं म्हणजे न्यूक्लियर रिसेप्टर. माणसात त्यांची 48 जनुकं आहेत. बहुतेकांची घडण सारखी असते: एक भाग डीएनएला धरतो, दुसऱ्या भागात एक पोकळी असते आणि तिच्यात चरबीत विरघळणारा छोटा रेणू बसतो. तो बसला की प्रथिनाचा आकार बदलतो आणि ठरावीक जनुकं चालू किंवा बंद होतात.

हे आज सोपं वाटतं, पण 1950च्या दशकात समज वेगळा होता. इस्ट्रोजेनवर पेशीत रासायनिक प्रक्रिया होते आणि त्या प्रक्रियेतूनच त्याचा परिणाम होतो, असं मानलं जाई. शिकागोत एल्वुड जेन्सन यांनी किरणोत्सारी ट्रिटियम जोडलेलं इस्ट्राडिऑल, म्हणजे शरीरातलं मुख्य इस्ट्रोजेन, उंदरांच्या माद्यांना दिलं. ते गर्भाशयात टिकून राहिलं, आणि जसंच्या तसं राहिलं. म्हणजे त्याला धरून ठेवणारं काहीतरी तिथे होतं. पुढे 1985 मध्ये रॉन एव्हान्स यांच्या प्रयोगशाळेने ग्लुकोकॉर्टिकॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकांच्या, रिसेप्टरचं जनुक वेगळं केलं, पाठोपाठ पिएर शाँबाँ यांच्या गटाने इस्ट्रोजेन रिसेप्टरचं काम केलं. वैद्यकीय संशोधनासाठीचा 2004चा लास्कर पुरस्कार जेन्सन, एव्हान्स आणि शाँबाँ या तिघांना मिळाला. मग सारख्या घडणीची प्रथिनं एकामागून एक सापडत गेली, आणि कितीतरी प्रथिनांच्या पोकळीत नेमकं काय बसतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. ‘अनाथ रिसेप्टर’ असं त्यांना म्हणत.

त्यातलाच एक एलएक्सआर. 1996 मध्ये कळलं की त्याच्या पोकळीत ऑक्सिस्टेरॉल बसतात, म्हणजे कोलेस्टेरॉलला ऑक्सिजन जोडून झालेले रेणू. पेशीत कोलेस्टेरॉल साचलं की ऑक्सिस्टेरॉल वाढतात, एलएक्सआर जागा होतो आणि कोलेस्टेरॉल बाहेर काढणाऱ्या पंपांची जनुकं चालू करतो. 1998 मध्ये एलएक्सआर-अल्फा नसलेल्या उंदरांना कोलेस्टेरॉलयुक्त आहार दिला गेला. साधे उंदीर तो आरामात पचवतात, कारण ते जादा कोलेस्टेरॉलची पित्ताम्लं, म्हणजे पित्तातली चरबी पचवायला मदत करणारी आम्लं, करून टाकतात. या उंदरांची यकृतं मात्र कोलेस्टेरॉलने भरून गेली. इथे एक सावधगिरी हवी. पित्ताम्लं बनवणारं मुख्य एन्झाइम एलएक्सआर उंदरात वाढवतो, माणसात तसं वाढवत नाही. उंदरावरून माणसावर उडी मारणाऱ्या बातम्या वाचताना हे लक्षात ठेवा. मग एलएक्सआरला चेतवणारं औषध करू, असं वाटणं साहजिक होतं. प्रयत्न झाले. पण तोच एलएक्सआर यकृतात मेदाम्लं तयार करणारी यंत्रणाही चालू करतो, त्यामुळे ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढतात. एकाच रिसेप्टरच्या हाताखाली शेकडो जनुकं असतात, तेव्हा हवं तेवढंच उचलता येत नाही.

आता प्रजननाकडे. कोलेस्टेरॉलमध्ये 27 कार्बन असतात. मायटोकॉन्ड्रियात त्याची शेपटी तुटते आणि 21 कार्बनांचं प्रेग्नेनोलोन मिळतं. प्रोजेस्टेरॉनचे कार्बन 21, टेस्टोस्टेरॉनचे 19, इस्ट्राडिऑलचे 18. सगळी लैंगिक संप्रेरकं ही अशी छाटत छाटत आलेली कोलेस्टेरॉलची वंशावळ आहे. हे कापकाम करणाऱ्या एन्झाइमांची जनुकं चालू करतो एसएफ-1, तोही न्यूक्लियर रिसेप्टरच. 1994 मध्ये त्याचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांत अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथी नव्हत्या, अंडाशय किंवा वृषणंही नव्हती. माणसात या जनुकातले दोष लैंगिक विकासातल्या भिन्नतेत आणि काही स्त्रियांच्या अकाली थांबलेल्या अंडाशयांत सापडले आहेत. त्याचा जवळचा नातेवाईक एलआरएच-1 यकृतात पित्ताम्लांच्या हिशेबात असतो आणि अंडाशयातही. तिथून तो काढला की उंदरीत बीजांड सुटतच नाही.

आणि एलएक्सआर? तो नसलेल्या नर उंदरांच्या वृषणांत, शुक्रपेशींचं पोषण करणाऱ्या पेशींत, चरबी साचते आणि वयानुसार त्यांची प्रजननक्षमता ढासळते. कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या एचडीएलचं बिनसलं तरी असंच. एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल पेशीत उतरवणारं एसआर-बीआय हे प्रथिन नसलेल्या उंदरी वांझ असतात. प्रोब्युकॉल हे लिपिडवरचं औषध दिलं की त्यांना पिल्लं होतात. वंध्यत्वावर लिपिडच्या औषधाने फरक पडावा, हे मला अजूनही विलक्षण वाटतं. अर्थात उंदरात.

उलटा प्रवासही आहे. इस्ट्रोजेन यकृतात एलडीएल, म्हणजे रक्तातले कोलेस्टेरॉल वाहणारे दुसरे कण, खेचून घेणारे रिसेप्टर वाढवतं, म्हणून रजोनिवृत्तीनंतर एलडीएल वर जातं. त्याहून गुंतागुंतीचा आहे 27-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल. हा ऑक्सिस्टेरॉल एलएक्सआरच्या पोकळीत बसतो आणि इस्ट्रोजेन रिसेप्टरच्याही. रक्तवाहिन्यांत तो इस्ट्रोजेनचं काम अडवतो. उंदरांवरच्या प्रयोगांत स्तनांच्या गाठींना मात्र तो इस्ट्रोजेनसारखाच खतपाणी घालतो. स्तनाच्या कर्करोगावरचं औषध टॅमॉक्सिफेन, त्याची चालही अशीच दुहेरी, फक्त दिशा वेगळी: स्तनात विरोध, हाडात आणि गर्भाशयाच्या अस्तरात मदत. कुलूप-किल्लीची उपमा इथे तोकडी पडते. ही किल्ली कुलपाचाच आकार बदलते. रिसेप्टरच्या टोकाचा एक दुमड टॅमॉक्सिफेन बाजूला ढकलतं, मग त्याला कोणती सहायक प्रथिनं चिकटणार ते बदलतं, आणि ती प्रथिनं प्रत्येक ऊतीत वेगळ्या प्रमाणात असतात.

शेवटी दवाखान्यात भेटणारं एक उदाहरण. गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत काही स्त्रियांच्या तळहातांना आणि तळपायांना भयंकर खाज सुटते, रात्री जास्त, अंगावर पुरळ काहीच नाही. पित्ताम्लं यकृतातून नीट वाहून जात नाहीत आणि रक्तात वाढतात. पित्ताम्लांवर लक्ष ठेवणारा न्यूक्लियर रिसेप्टर म्हणजे एफएक्सआर. गर्भारपणात वाढलेल्या प्रोजेस्टेरॉनपासून तयार झालेले काही सल्फेट रेणू त्याचं काम मंदावतात. ज्यांच्या पित्तवाहक प्रथिनांच्या जनुकांत आधीच कमजोरी असते, त्यांना हा भार पेलत नाही. बाळंतपणानंतर खाज लवकरच थांबते. पण त्याआधी रक्तातली पित्ताम्लं मोजायलाच हवीत: ती लिटरमागे 100 मायक्रोमोल किंवा त्याहून वर गेली, तर बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो, आणि प्रसूती कधी करायची हे बरंचसं त्या आकड्यावर ठरतं. गर्भारपणात खाज सुटतेच, असं म्हणून तिला घरी पाठवू नका.