एक आदेश, आठ सेनापती

२२ डिसेंबर १९७३. बीजिंगहून सर्वोच्च नेते माओ यांचा आदेश सुटतो आणि चीनच्या अकरा लष्करी विभागांपैकी आठांचे सेनापती एका फटक्यात बदलतात. तेही जोडीजोडीनं. नानजिंगचे शू शियोऊ ग्वांगझौला, ग्वांगझौचे डिंग शेंग नानजिंगला. शेनयांगचे चेन शीलियान राजधानीत, राजधानीचे ली देशेंग शेनयांगला. जिनान-वुहान आणि फूझौ-लान्झौ इथंही तीच अदलाबदल.

या बदल्या साध्या नव्हत्या. शू शियोऊ १९५०च्या दशकापासून नानजिंगला ठाण मांडून होते. हाताखालचे अधिकारी त्यांनीच वर आणलेले.

आणि ही ताकद त्यांना दिली होती खुद्द माओंनी! त्यांनीच छेडलेल्या सांस्कृतिक क्रांतीत बंडखोर गटांनी पक्षाच्या प्रांतिक समित्या उलथून टाकल्या, रस्त्यारस्त्यावर हाणामाऱ्या सुरू झाल्या. घडी बसवायला लष्कर आलं आणि प्रांत चालवणाऱ्या नव्या ‘क्रांती समित्यां’च्या खुर्च्यांवर गणवेश बसला. शू शियोऊ जिआंग्सू प्रांताचे प्रमुख झाले, चेन शीलियान लिआओनिंगचे. फौज त्यांची, प्रांतही त्यांचाच.

यातला धोका माओंनी डोळ्यांनी पाहिला होता. जुलै १९६७ मध्ये वुहानला स्थानिक सैनिक आणि त्यांच्या बाजूच्या जमावानं केंद्राचे दूत वांग ली यांना पकडून नेलं. त्या वेळी माओ त्याच शहरात होते. त्यांना घाईघाईनं विमानानं शांघायला हलवावं लागलं. पुढे सप्टेंबर १९७१ मध्ये त्यांचे घोषित वारस, संरक्षणमंत्री लिन बिआओ पळून जाताना मंगोलियात विमान कोसळून मेले. त्यानंतर कोणत्याही सेनापतीवर डोळे मिटून विसंबणं शक्य नव्हतं.

म्हणून हा आदेश. सोबत न्यायला मोजकीच माणसं. राजकीय कमिसार जागच्या जागी. म्हणजे नव्या ठिकाणी सेनापती नवखा, आणि त्याच्या शेजारी पक्षाचा माणूस मात्र मुरलेला. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रांताची खुर्ची मागेच राहिली. आठही जण मुकाट्यानं निघाले. एक गोळी सुटली नाही.

पण हे साधलं ते ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या एका माणसाच्या शब्दावर, कायद्याच्या बळावर नव्हे. ज्या कोट्यवधी लोकांवर या सेनापतींनी राज्य केलं, त्यांना ना नेमताना विचारलं, ना हलवताना. आम्हाला यातलं हेच सर्वांत जास्त खुपतं.

१९८५ मध्ये डेंग शिआओपिंग यांच्या काळात अकराचे सात विभाग झाले, २०१६ मध्ये पाच. त्यातल्या पश्चिम विभागाची फौज आज भारताच्या सीमेवर उभी आहे. प्रांताचा कारभार मात्र या पाचांपैकी एकाही सेनापतीच्या हाती नाही.