फेल केत्तो म्हणजे दीड

मंडळी, पत्रिकेत आजचा विषय 'हंगेरियन भाषेत तारीख कशी लिहितात' असा छापला आहे, आणि तारखेकडे मी येणारच आहे. पण आधी घड्याळ. हंगेरियन शिकणाऱ्या मराठी माणसाची गडबड तारखेपेक्षा घड्याळात जास्त होते, आणि खरं तर ती त्याची व्हायलाच नको.

बुडापेस्टमध्ये दुपारी दीडला भेटायचं असेल तर समोरचा म्हणतो, 'फेल केत्तो'. फेल म्हणजे अर्धा, केत्तो म्हणजे दोन. सव्वा एकला 'नेद्येद केत्तो', म्हणजे पाव दोन. पावणेदोनला 'हारोमनेद्येद केत्तो', पाऊण दोन. एक वाजून गेला की दुसरा तास भरू लागतो, आणि तो किती भरला एवढंच हे शब्द सांगतात. उलटून गेलेल्या तासाचं नावच येत नाही.

आता माझी तक्रार. आपण हे इंग्रजीतून शिकतो. इंग्लंडात 'हाफ टू' म्हणजे अडीच. ते कानात बसलेला माणूस 'फेल केत्तो' ऐकतो आणि अडीचला पोचतो. 'नेद्येद केत्तो'चं सव्वादोन करतो, 'हारोमनेद्येद केत्तो'चं पावणेतीन. चूक दर वेळी अख्ख्या तासाची, आणि ऐकताना नेहमी उशिराच्याच बाजूला. बोलताना ती उलटते: साडेतीन सांगायचे म्हणून तीन पकडून 'फेल हारोम' म्हटलं, तर समोरचा अडीचलाच येऊन उभा राहतो. साडेतीन म्हणजे 'फेल नेद्य', अर्धा चार.

आणि मराठीत हा हिशोब आधीपासून आहे! पाऊण वाजला म्हणजे काय? बारा पंचेचाळीस. एकाचा पाऊण हिस्सा भरला. हंगेरियनमध्ये तेच, 'हारोमनेद्येद एद्य', पाऊण एक. अडीच आलं संस्कृत 'अर्धतृतीय'वरून: दोन पूर्ण, तिसरा अर्धा. हंगेरियन माणूस अडीचला 'फेल हारोम' म्हणतो, अर्धा तिसरा. गाडी अडते ती फक्त सव्वा आणि साडेपाशी, कारण तिथे आपण मागच्या तासात भर घालतो. म्हणून माझा आग्रह असा की वर्गात सुरुवात पाऊण आणि अडीचपासून करावी, हाफ पास्टला हातच लावू नये. पुण्यात जर्मन शिकलेले इथे बरेच असतील. 'हाल्ब झ्वाय' म्हणजे दीड हे त्यांना ठाऊक आहे, त्यांचं अर्धं काम झालेलंच आहे.

मधली मिनिटं पाव-अर्ध्या-पाऊण खुणेपासून मोजतात. एक वीस म्हणजे 'तीझ पेर्त्स मूल्वा फेल केत्तो', दहा मिनिटांनी दीड. आपणही 'दीडला दहा कमी' म्हणतोच. वाजता म्हणायला शेवटी 'कोर' लावायचं: 'फेल केत्तोकोर', दीड वाजता. बोलताना बारा तासांचं घड्याळ चालतं, म्हणून गरजेनुसार पुढे रेग्गेल, देलुतान, एश्ते, म्हणजे सकाळी, दुपारी, संध्याकाळी, असं जोडतात. रेल्वेच्या घोषणेत मात्र चोवीस तास आणि सरळ मिनिटं. तिथे दोनला 'केत' न म्हणता 'केत्तो' म्हणतात, कारण सात म्हणजे 'हेत', आणि फलाटाच्या गोंगाटात केत आणि हेत वेगळे कळत नाहीत. फोनवर शंका आली तर तुम्हीही आकड्यांत विचारा: 'तिझेनहारोम हार्मिन्त्स?' तेरा तीस? कुणी वाईट वाटून घेत नाही.

दहाच मिनिटं उरल्याची खूण झाली आहे, तेव्हा तारीख झपाट्याने सांगतो.

क्रम मोठ्याकडून लहानाकडे: वर्ष, महिना, दिवस. नावातही आडनाव आधी, लिस्त फेरेन्त्स. पत्त्यात गाव, मग रस्ता, मग घर. १८४८ च्या क्रांतीचा दिवस लिहितात '१८४८. मार्त्सियुश १५.' वर्षानंतर टिंब, दिवसानंतरही टिंब. आकड्यांत '१८४८. ०३. १५.', प्रत्येक टिंबानंतर जागा सोडून. शेवटचं टिंब वाक्याचं नाही, तारखेचं आहे. आपले टंकलेखक ते खोडतात आणि तारीख चुकते. जुन्या कागदांवर महिना रोमन अंकात दिसतो.

प्रत्यय लागला की टिंब जातं आणि आडवी रेघ येते. सहा ऑक्टोबर म्हणजे 'ओक्तोबेर हतोदिका', सहाला 'हतोदिकान', लिहायचं '६-आन'. चार तारखेला 'नेद्येदिकेन', म्हणून '४-एन'. आन की एन, हे उच्चारलेल्या शब्दातले स्वर ठरवतात, म्हणून आकडा मनात पूर्ण वाचल्याशिवाय प्रत्यय लावू नका. पहिल्या तारखेला '१-येन', कारण शब्द 'एल्शेयेन' आहे. टिंब आणि रेघ दोन्ही ठेवणं ही सर्रास होणारी चूक. वर्षाचंही तसंच: '१८४८-बान', म्हणजे १८४८ मध्ये, इथे टिंब नाही. 'उतान', म्हणजे नंतर, हा शब्द पुढे आला तरी नाही. 'मार्च १८४८ मध्ये' म्हणताना महिन्याला षष्ठीचा प्रत्यय लागतो, तिथेही नाही.

बुडापेस्टच्या पाचव्या विभागात 'ओक्तोबेर ६. उत्सा' नावाचा रस्ता आहे, १८४९ मध्ये अराद गावात मारल्या गेलेल्या हंगेरियन सेनापतींच्या हुतात्मा दिवसावरून. लिफाफ्यावर त्यापुढे घराचा नंबर येतो, तोही टिंबासकट. पहिला आकडा रस्त्याचा, दुसरा घराचा. वाचताना 'हतोदिका उत्सा' म्हणायचं.

आणि दुधाचा डबा. खाद्यपदार्थांवरच्या मुदतीला युरोपीय संघाचा नियम लागतो, आणि त्यात आधी दिवस, मग महिना. म्हणजे हंगेरियन पत्रात '०५. ०६.' म्हणजे सहा मे, पण डब्यावर ०५.०६ म्हणजे पाच जून.