मुंबईचा जॅझ, समोर बसून ऐकावा असा

[दृश्य: धोबी तलावचा चौक, वाहनांची गर्दी, जेर महालची जुनी इमारत]

धोबी तलावला मेट्रो सिनेमाजवळ जेर महाल उभी आहे. खाली दुकानं, वर गोव्यातल्या एकेका गावाच्या नावाने चालणारे कूड, म्हणजे गावकऱ्यांची सामायिक राहण्याची जागा. खलाशी, आचारी, वादक, जो कोणी गावाहून मुंबईत उतरे तो आधी आपल्या गावच्या कुडात ट्रंक ठेवी आणि मग कामाच्या शोधाला लागे. मुंबईच्या जॅझचा इतिहास सांगताना बहुतेक जण ताजच्या नाचघरापासून सुरुवात करतात. मला तो या जिन्यांपासून सांगावासा वाटतो.

कारण वाजवणारे हात इथून आले. पोर्तुगीज अमलात गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. कागदावरचं संगीत पाहताक्षणी वाजवू शकणारी ही मुलं मुंबईत आली, तेव्हा त्यांना काम होतं: मूकपटांच्या थिएटरात, लग्नात, हॉटेलात.

[दृश्य: ताजमहाल हॉटेलची जुनी छायाचित्रं]

१९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी हे कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बॅण्ड घेऊन ताजमध्ये आले. मागोमाग आले ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड. वेदरफर्ड म्हणजे शिकागोत जॅझचा जगविख्यात ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगच्या जोडीने वाजवलेला माणूस! गोव्याचे ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड यांना त्यांच्या ताफ्यात जागा मिळाली. कागदावर लिहिता न येणारी गोष्ट, म्हणजे स्वर किंचित मागे ओढायचा, मात्रेवर नेमका न पडता तिच्या आसपास खेळायचा, ही शेजारी बसूनच शिकता येते. गोव्याच्या वादकांनी ती तशीच उचलली. १९३९ पासून पुढची दोन दशकं मिकी कोरिया यांचा वाद्यवृंद ताजमध्ये वाजत राहिला. गोव्यातल्या हळदोण्याच्या अँतोनियो झेवियर वाझ यांना तर लोक हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. रंगमंचावरचं त्यांचं नाव चिक चॉकलेट.

मग दारूबंदी आली. हॉटेलांची कमाई घटली आणि वादक सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळले. दिवसा ध्वनिमुद्रण, रात्री चर्चगेट स्ट्रीटवरच्या हॉटेलांत जॅझ, असा कित्येकांचा दिनक्रम झाला. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांच्या संगीतातला तो झिंग आणणारा ट्रम्पेट आठवा. चिक चॉकलेट त्यांचे साहाय्यक होते. १९५१ च्या ‘अलबेला’त ते पडद्यावरही दिसतात. एरवी मात्र हे लोक दिसले नाहीत. श्रेयनामावलीत गायक आले, गीतकार आले, संगीतकार आले. पण ज्याच्या फुंकरीने गाणं उभं राहिलं, तो वादक बिननावाचाच राहिला. या शहराने त्यांच्यावर केलेला हा अन्याय आहे आणि तो अजून पुरता फिटलेला नाही.

रात्रीचं वाजवणं ध्वनिमुद्रित न होता बहुतेक वाऱ्यावरच गेलं. १९५८ मध्ये अमेरिकन जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक मुंबईत आले, तेव्हा सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासोबत बसून त्यांनी वाजवलं. आज आपल्या हाती आहे ती त्या भेटीची आठवण.

[दृश्य: रंगभवनचं बंद फाटक]

सेंट झेवियर्स कॉलेजच्या मागे हे रंगभवन. १९७८ मध्ये निरंजन झवेरी आणि त्यांच्या सोबत्यांनी इथे पहिली ‘जॅझ यात्रा’, म्हणजे जॅझचा महोत्सव, भरवली. उघड्या आकाशाखाली सनी रॉलिन्सचा सॅक्सोफोन मुंबईने इथे ऐकला. पुढे आसपासच्या रुग्णालयांमुळे हा भाग शांतता क्षेत्रात आला आणि मैफली थांबल्या. रुग्णांची झोप महत्त्वाची, त्याबद्दल वाद नाही. पण बदल्यात तशी जागा शहराने उभी केली नाही, याची खंत वाटते. २००७ मध्ये लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात ब्लू फ्रॉग हे संगीताचं ठिकाण सुरू झालं. जवळपास दशकभर तिथे मनापासून वाजवलं गेलं, मग तेही बंद झालं.

[दृश्य: लहान व्यासपीठ, सॅक्सोफोन, पियानो, डबल बास, ड्रम. कॅमेरा वादकांच्या चेहऱ्यांवर]

आता हे चौघे पाहा. आधी सगळे मिळून धून वाजवतात. मग सॅक्सोफोन एकटा, ऐनवेळी सुचेल तसं वाजवत, पुढे निघतो. धून संपली असं वाटेल, पण पियानो आणि बास यांच्या बोटांत तिचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, तसेच फिरताहेत, आवर्तनामागून आवर्तन. ड्रमवाल्याची मान पाहा, सॅक्सोफोनचा श्वास कुठे संपतोय तिकडे लागलेली आहे. आता देवाणघेवाण सुरू झाली: चार बार (ठरावीक मात्रांचे तुकडे) याचे, चार बार त्याचे. सतार-तबल्याचे सवाल-जवाब ऐकत वाढलेल्या कानांना हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि हे पाहिलंत? सॅक्सोफोनवाल्याने बोटाने आपल्या डोक्याला हलकेच टिचकी मारली. ही खूण आहे: चला, परत मूळ धुनेवर. पुढच्याच समेला चौघे एकत्र. यासाठी महिनोन् महिने एकत्र तालीम झालेली असतेच असं नाही. कधी कधी हे लोक त्याच संध्याकाळी पहिल्यांदा एकत्र बसलेले असतात.

रेकॉर्डिंगमध्ये ही टिचकी ऐकू येत नाही, ती मान दिसत नाही. म्हणून जॅझ जाऊन ऐकायचा. नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रामध्ये जॅझचे कार्यक्रम होतात. ३० एप्रिलला आंतरराष्ट्रीय जॅझ दिन असतो. ज्येष्ठ पियानोवादक लुईस बँक्स यांनी त्यानिमित्त मुंबईत मैफली घडवून आणल्या आहेत आणि त्यांत तरुण वादकांना सोबत घेतलं आहे. तिकीट काढा, जमेल तितकं पुढे बसा. सोलो आवडला तर धून संपायची वाट पाहू नका, टाळी तिथल्या तिथे द्या. पुढचं आवर्तन घ्यायचं की नाही, हे वाजवणारा कित्येकदा त्या टाळीवरच ठरवतो.