विडी न ओढणाऱ्यांची साक्ष

[दृश्य: मांडीवरचं सूप, कापलेली पानं, सुताचं रीळ]

निपाणीतल्या एका घराचा सोपा. मावशी विड्या वळायला बसल्यात. ओलसर पान, त्यात चिमूटभर तंबाखू, बोटांचा एक वळसा, टोकाला सूत. आपल्याशी बोलता बोलता दहा-बारा विड्या होतात. स्वतः मावशींनी मात्र जन्मात विडी ओढलेली नाही.

आजची गोष्ट अशाच, न ओढणाऱ्या माणसांची.

तंबाखू शरीराचं नेमकं काय करते, हे वेगळं काढणं अवघड आहे. जास्त ओढणाऱ्याचं खाणं, झोप, काम, डोक्यावरचं कर्ज, सगळंच वेगळं असतं. मग बोट कशाकडे दाखवायचं? म्हणून संशोधक जनुकांकडे वळले. आईबापांकडून कोणतं जनुक यायचं ते गर्भ राहतानाच, चिठ्ठी उचलल्यासारखं ठरतं. पुढच्या सवयींनी ते बदलत नाही. मग जास्त ओढायला लावणारा जनुकाचा प्रकार ज्यांना आला आणि ज्यांना नाही, त्यांची तुलना करायची. या पद्धतीला म्हणतात मेंडेलियन रँडमायझेशन.

[दृश्य: तंबाखूची वखार, उन्हाच्या तिरिपेत उडणारी धूळ]

पंधराव्या गुणसूत्रावर सीएचआरएनए५ हे जनुक आहे. मेंदूत निकोटीन ज्या प्रथिनाला चिकटतं, त्याचा एक भाग ते घडवतं. त्याचा एक प्रकार असा, की ओढणारा माणूस त्याच्या दर प्रतीमागे (एक आईकडून, एक बापाकडून येऊ शकते) रोज साधारण एक सिगारेट जास्त ओढतो. झालं साधन तयार! पण थांबा. जो ओढतच नाही, त्याच्या शरीरात या जनुकानं गप्प बसायला हवं. तिथंही ते काही करत असेल, तर त्याला तंबाखूखेरीज दुसरी वाट आहे. ही कसोटी मला फार मोलाची वाटते, कारण ती आपल्याच साधनाची उलटतपासणी घेते.

२०१४ साली एका मोठ्या अभ्यासात ती घेतली गेली. ओढणाऱ्यांत हा प्रकार कमी वजनाशी जोडलेला निघाला. कधीच न ओढलेल्यांत मात्र किंचित जास्त वजनाशी. दुसरी वाट होती! सगळ्यांना एकत्र मोजलं असतं तर दोन्ही परिणाम एकमेकांत जिरून गेले असते.

आता हेच बेळगावच्या सीमाभागात करायचं म्हटलं तर? इथं घाट चढून आलेली कोकणी घरं आहेत, देशावरची आहेत, कानडी मुलखातली आहेत. सोयरीक बहुतेक जातीतच, त्यामुळे जनुकं आणि ताटातलं जेवण एकाच घराण्यातून येतं. मग फरक जनुकाचा की जेवणाचा, कळत नाही. त्यावर सख्ख्या भावंडांची तुलना हा चांगला उतारा: घर आणि ताट एकच, जनुकांची चिठ्ठी मात्र वेगवेगळी.

खरी अडचण मावशींपाशी आहे. फॉर्मवर प्रश्न असतो, "विडी-सिगारेट ओढता का?" त्या "नाही" म्हणणार, आणि त्यांची गणना तंबाखूपासून दूर असलेल्यांत होणार. पण दिवसभर हात तंबाखूत. कातडीतून, धुळीतून निकोटीन अंगात जातंच. शिवाय सकाळी दातांना मिश्री. त्यांच्यात जनुकाचा परिणाम दिसला, तर साधन खोटं ठरवायचं, की आपला प्रश्नच अपुरा होता म्हणायचं? दुसऱ्या मुलखातला "न ओढणारा" निपाणीत जसाच्या तसा चालत नाही. आधी मिश्रीचं विचारा, पान-तंबाखूचं विचारा, वर्षं किती वळल्या ते विचारा.

[दृश्य: मावशींचे हात]

आम्ही विचारलं. मावशींनी बोटं पुढे केली, पिवळी पडलेली. "लगीन व्हायच्या आदीपास्नं वळतोय बाळा. मिश्री तर आईनंच लावायला शिकवली."

आणि पुढचं पान उचललं.